जाणकारासाठी राखलेली खोट

चोवीस वर्षं मी नगरमध्ये एका दुकानात कंप्युटर जोडले आणि विकले. कागदावर आता अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. एवढ्या वर्षांत कंप्युटर घ्यायला एकटं आलेलं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, पण एकटं येण्यात एवढं काय विशेष हे कळायला बाकीचे कसे यायचे ते आधी सांगावं लागेल.

बाकीचे जाणकार घेऊन यायचे. म्हैस घ्यायला माणूस जाणकार नेतो, जमीन घ्यायला नेतो, मुलगी बघायला तर दोन-तीन नेतो. म्हशीच्या जाणकाराला निदान म्हैस कळते. कंप्युटरचा जाणकार व्हायला एवढंच पुरायचं की याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे. कुणाचा भाचा पुण्याला असायचा. तो तिथं मंगल कार्यालयात मॅनेजर असला तरी 'पुण्याला असतो' हे प्रमाणपत्र चालायचं. कुणाचा साडू नागापूरच्या एमआयडीसीत मशीनवर असायचा आणि त्या मशीनला बटणं असायची. एका गुरुजींनी तर गावचा फोटोग्राफर आणला होता. त्यानं मॉनिटरकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "उजेड चांगला आहे, घ्या."

या सगळ्यात गिऱ्हाईक बिचारं स्टुलावर बसून माझ्याकडे आणि जाणकाराकडे आळीपाळीनं बघत राहायचं. त्याला हवं काय असायचं? मुलीला कॉलेजचा प्रोजेक्ट करता यावा, दुधाच्या संस्थेचं काम व्हावं, बस. आम्ही त्याला विचारायचो, "रॅम आठ घालू का सोळा?" तो म्हणायचा, "चांगली घाला." आम्ही म्हणायचो, "दोन्ही चांगल्याच आहेत." "मग भावात फरक का?" "सोळाची जास्त चांगली आहे." हे झाल्यावर तो जाणकाराकडे बघायचा आणि जाणकार छताकडे बघायचा. एका बाईंना फक्त अभ्यासालाच चालेल असा कंप्युटर हवा होता. मी म्हटलं, "बाई, तसा अजून कुणी काढलेला नाही. निघाला की पहिला माझ्या घरी नेणार आहे."

शिवाय कोटेशनचा प्रकार होता. कोटेशन म्हणजे कुठला भाग कुठल्या भावानं घालणार याचा कागद. गिऱ्हाईक सात-आठ दुकानांचे कागद गोळा करायचं आणि घरी सतरंजीवर मांडून जुळवत बसायचं. ते जुळायचे नाहीत, कारण न जुळावेत असेच आम्ही ते लिहायचो. एकच वस्तू आम्ही कंपनीच्या नावानं लिहायची, समोरच्यानं नंबरानं आणि कोपऱ्यावरच्यानं नुसतं 'इम्पोर्टेड' म्हणून. शेवटी गिऱ्हाईक दमायचं आणि जिथं चहा बरा मिळाला होता तिथून घ्यायचं. आमच्याकडे चहा आल्याचा असायचा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शेठच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि शेठ तिथंच लहानाचे मोठे झाले. लग्नाच्या बस्त्याला, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीला, वीस-पंचवीस माणसं येतात. त्यांत एक आत्या असते. तिला मानानं आणलेलं असतं आणि आपला मान काहीतरी नाकारण्यात आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. शेठचे वडील म्हणे पहिल्या घडीलाच एक भडक, काठ आखडलेलं लुगडं पुढे टाकायचे. आत्या म्हणायची, "शी! हे काय दाखवता?" वडील कपाळाला हात लावून म्हणायचे, "आत्याबाई, नजर आहे तुमची!" मग आत्या खूश व्हायची, चहा प्यायची आणि पुढची चाळीस लुगडी मुकाट्यानं पास करायची. शेठनी हीच विद्या कंप्युटरात आणली. दुकानात आमचा सांकेतिक शब्दच होता. मशीन दाखवायला बाहेर काढायच्या आधी शेठ मला हळूच विचारायचे, "मुनीर, आत्याचं लुगडं ठेवलंस ना?"

म्हणजे काय करायचं, तर प्रत्येक मशीनमध्ये एक खोट मुद्दाम ठेवायची. ती जाणकारानं शोधायची. पूर्वी आम्ही जुनाट माऊस ठेवायचो, पुढे रॅम कमी ठेवायचो. शेवटच्या काही वर्षांत हार्ड डिस्क ठेवायचो. डिस्क म्हणजे कंप्युटरची कोठी, सगळं त्यात साठतं. जुन्या डिस्कच्या आत तबकडी फिरते, नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये काहीच फिरत नाही. हल्लीच्या मशीनला जुनी डिस्क लावली तर सकाळी बटण दाबून दात घासून यावं, तरी ते सुरू होत असतं. नवी लावली तर पाणी पिऊन होईपर्यंत तयार. किंमत आम्ही नवीचीच धरलेली असायची. नवी डिस्क सगळं भरून ड्रॉवरमध्ये तयार असायची आणि मशीनमध्ये लावलेली असायची जुनी.

जाणकार कागदावर बोट फिरवत यायचा आणि तिथं थांबायचा. "जुनी डिस्क? हल्ली कोण घालतं जुनी?" शेठ खुर्चीतून उठायचे. "मुनीर, साहेबांनी धरलं बघ बरोबर! काढ ती, नवी घाल. भाव तोच ठेव. माणूस जाणकार आहे." पुढचं मला काही करावं लागायचं नाही. गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा, जाणकाराची छाती दोन इंच फुगायची आणि बाकीच्या मशीनकडे त्या दिवशी कुणी ढुंकून बघायचं नाही.

खोटं कशाला बोलू, मला या कामाचा अभिमान होता. दारातून येणाऱ्या जाणकाराकडे बघून त्याला केवढी खोट झेपेल हे मी ओळखायचो. मोठ्या जाणकाराला बारीक खोट लागते, नवख्याला ठळक लागते. फोटोग्राफरसाठी मी कीबोर्डचं एक बटणच उपटून ठेवलं होतं. तेही त्याला दिसलं नाही, शेवटी गुरुजींनीच दाखवलं.

शेठचा एक नियम मात्र होता. आत्यानं नाकारलं नाही तर लुगडं आपण आपल्या हातानं बाजूला काढायचं, ते बस्त्यात जाता कामा नये. नियम चांगला होता. पण त्याची कधी वेळच आली नाही, कारण जाणकाराशिवाय कुणी यायचंच नाही. न वापरलेला नियम माणूस विसरतो, तसा मीही विसरलो.

आमच्या जाणकारांत पहिला नंबर दत्तासरांचा. हे पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यातले. तिसगावला उतरून पुढे जावं लागतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावानं काही केलेलं नाही, जे केलं ते आम्ही केलं. दत्ता एमआयडीसीत नोकरीला होता, कधीकाळी कंप्युटरचा कोर्स केलेला, म्हणून गाव त्याला सर म्हणायचं. त्यानं आमच्याकडे अकरा गिऱ्हाइकं आणली आणि अकरा वेळा खोट शोधली. मेव्हण्याच्या मशीनमधली जुनी डिस्क त्यानं एका नजरेत कशी धरली ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा की त्या गावची माणसं मला ती परत ऐकवायची.

त्याच गावची शोभाताई एका उन्हाळ्यात, आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर आठवडाभरानं, दुपारी दुकानात आली. चाळिशीच्या आसपासची, हातात कापडी पिशवी. मी सवयीनं तिच्या पाठीमागे बघितलं.

"बरोबर कोण आहे?"

"कोन न्हाई."

"गाडी लावतायत का?"

"कोन लावनार गाडी? मी यष्टीनं आले."

"मग फोन लावायचाय का कुणाला? मी बोलतो त्यांच्याशी."

"का वो भाई? कंप्युटर घ्यायला साक्षीदार लागतो व्हय?"

मी तिला खुर्ची दिली. स्टूल दिलं नाही, हे मला आठवतं. तिनं सांगितलं ते असं. बारा वर्षं तिनं गावात शिवणकाम केलं. आता डोळ्याला सुईदोरा जड जायला लागला म्हणून कंप्युटर शिकली. ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला ग्रामपंचायतीनं तिला शाळेशेजारची एक खोली दिली होती, पण पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंतच. लोकांची कामं नीट झाली तर खोली तिच्याकडे राहणार, नाही तर दुसऱ्याला जाणार. दुसरा कोण, तर दत्तासर. तो नोकरी सोडून गावातच बसायचं म्हणत होता.

"मग दत्तासरांना आणायचं की. गावचे आहेत," मी म्हणालो.

"त्याला आनलं असतं तर मशीन त्याचं झालं असतं आन लाईटबिल माझं," ती म्हणाली.

मग तिनं तीन प्रश्न विचारले. लाईट गेल्यावर किती वेळ चालंल? अंगठ्याचं यंत्र याला लागतं का, लावून दाखवा. आन बिघडलं तर तुमी येनार का मी डोक्यावर घिऊन यायचं? तोपर्यंत एकाही जाणकारानं यातला एक प्रश्न विचारला नव्हता. शिलाई मशीन वापरलेलं माणूस असंच विचारतं, तिला मशीन म्हणजे रोज उठून काम करून घ्यायची वस्तू होती. मी अगदी खूश झालो. अंगठ्याचं यंत्र लावून दाखवलं, बॅटरीचं सांगितलं, प्रिंटर जोडून एक पान काढून दिलं. मशीन सुरू व्हायला वेळ लागला तेव्हा तिनं विचारलं, "एवढा येळ लागतो व्हय?" मी बोलण्याच्या नादात म्हणालो, "पहिल्यांदा लागतो, ताई." तिची चारची गाडी होती. मी स्वतः खोका उचलून रिक्षात ठेवला आणि परत येऊन शेठना म्हणालो, "असं गिऱ्हाईक पाहिजे. डोकं आहे बाईला." डिस्कबद्दल कुणी बोललं नव्हतं, म्हणून डिस्क कुणी बदलली नाही.

पंधरा दिवसांनी श्रीगोंद्याचा एक जाणकार आला. त्यानं रीतीप्रमाणे कागदावर बोट थांबवलं, शेठ रीतीप्रमाणे उठले आणि मी रीतीप्रमाणे ड्रॉवर उघडला. आत दोन नव्या डिस्का होत्या. एक समोरच्या मशीनची होती. दुसरी कुणाची, हे आठवायला मला श्वासभर वेळ लागला. आमचं लुगडं बस्त्यात गेलं होतं, आणि तेही जिनं सगळं आमच्यावर सोपवलं तिच्या.

मी शोभाताईला फोन लावला. खरं सांगायलाच लावला होता.

"कसं चाललंय मशीन?"

"चालतंय की. जरा हळू चालतं. पन माझेच हात हळू असत्याल, भाई. सवय न्हाई अजून."

इथं मी बोलायला हवं होतं. शेठ समोर बसले होते, श्रीगोंद्याचा जाणकार चहा पीत होता, आणि माझ्या तोंडून आमच्या धंद्यातलं सर्वांत जुनं वाक्य निघालं. "अपडेट चालू असेल, ताई. होईल आपोआप." कंप्युटरवाल्याला काही सुचलं नाही की अपडेट चालू असतं. ती म्हणाली, "बरं," आणि उलट माझेच आभार मानून फोन ठेवला.

संध्याकाळी शेठना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हेत, त्यांचाही चेहरा उतरला. म्हणाले, "जा आणि बदलून ये. सर्व्हिस म्हण. बाकीचं बोलायची गरज नाही." मी जाणारच होतो. पण जून-जुलै म्हणजे कॉलेजच्या लॅपटॉपचा हंगाम, काउंटर सोडता येईना. हे कारण मी घरी, दुकानात आणि स्वतःला सांगितलं. खरं कारण तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, हेच. जुलैच्या शेवटी एका रविवारी डिस्क खिशात घालून तिसगावची गाडी धरली.

पीक विम्याच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलेली. तिसगावात फॉर्म भरून देणाऱ्यांच्या दारात रस्त्यापर्यंत माणसं उभी होती, सातबारा आणि पासबुक हातात धरून. शोभाताईच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि पाचही रिकाम्या. भिंतीवर कुठल्या कामाला कुठले कागद लागतात ते वळणदार अक्षरात लिहून लावलेलं. ती मशीनसमोर बसलेली होती, पडद्यावर थांबा सांगणारं चक्र नुसतंच गोल फिरत होतं, आणि तिची बोटं टेबलाच्या लाकडावर चालत होती. मी बघत राहिलो. ती टायपिंग करत होती, लाकडावर.

"सवय," ती हसून म्हणाली. "पाथर्डीला क्लास लावलाय, सकाळी सातचा. पहिल्या गाडीनं जाते, दहाला खोली उघडते. म्हनलं हातच हळू असत्याल तर हात सुधरावं. क्लासचं सर म्हनत्यात स्पीड लई चांगला झालाय. पन हितं आलं की परत तेच."

"मग मशीनची तक्रार का नाही केलीत?"

"नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हनलं असतं की सगळ्यांनी. दत्तासर तर म्हनतच हुता. लोक येत्यात, अर्धा तास बसत्यात, मग सांजंला त्याच्या घरी जात्यात. माझे दीर म्हनले, शिवत हुतीस तेच बरं हुतं. चुकलं न्हाई त्यांचं."

मी मशीन उघडलं. जुनी डिस्क काढली, नवी लावली, जुनीवरचं तिचं सगळं काम नवीवर उतरवून घेतलं, प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र पुन्हा जोडलं. तासाभराचं काम. बटण दाबलं आणि ती पदरानं हात पुसेपर्यंत मशीन तयार होऊन बसलं. तिनं एक जुना फॉर्म उघडला. तो तिथल्या तिथं उघडला. तिनं हात मागे घेतला.

"हे काय केलं तुमी?"

'सर्व्हिस' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पण खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं होतं मला. मी तिला सगळं सांगितलं. आत्याचं लुगडं, ड्रॉवर, दोन डिस्का आणि फोनवर मी मारलेली थाप, काही शिल्लक ठेवलं नाही. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं ती जुनी डिस्क उचलून हातात घेतली.

"हे हितं मला सांगून काय उपेग, भाई?" ती म्हणाली. "गावाला म्हाईत पडलं पाहिजे. पंधरा तारखेला ग्रामसभा हाय. तिथं या आन सांगा."

शेठना हे कळल्यावर ते खुर्चीतून उठले, या वेळी खरोखरच. "वेडा झालास का? अख्ख्या तालुक्यात धंदा बसेल आपला. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस?" मी म्हणालो, "शेठ, अवलक्षण झालंय, फक्त तिच्या कपाळी लिहिलंय. ते पुसायला जातोय." यावर जाऊ नको असं काही शेठ म्हणाले नाहीत.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, मुलं गोळ्या घेऊन पांगली आणि शाळेच्या पटांगणात लिंबाखाली ग्रामसभा बसली. रस्ता, पाणी, गटार झाल्यावर खोलीचा विषय निघाला. दत्तासर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद.

"शोभावहिनीबद्दल आपल्या मनात काय वाईट न्हाई," ते म्हणाले. "पन कंप्युटर हे जाणकाराचं काम हाय. तीन महिन्यात किती लोकांचे फॉर्म भरले? वहिनी कष्टाळू हायेत, पन हातात ते पाहिजे ना."

शोभाताईनं माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो, नाव सांगितलं, दुकान सांगितलं. म्हणालो, "ताईंच्या हातात काही खोट नाही. खोट मशीनमध्ये होती आणि ती आम्ही ठेवली होती."

कुणाला कळेना. "म्हंजे चुकून ऱ्हायली?" सरपंचांनी विचारलं.

"चुकून राहिली, पण ठेवली मुद्दाम." मग मला आमची सगळी पद्धत उलगडून सांगावी लागली. जाणकारानं शोधावी म्हणून एक खोट ठेवायची, त्यानं शोधली की कौतुक करायचं आणि बदलून द्यायची. ताई जाणकार न घेता आल्या, म्हणून ती तशीच घरी गेली.

मागे बसलेला एक पटकेवाला म्हातारा मान हलवत उठला. "आरं, सोपं हाय," तो म्हणाला. "बैलाच्या खुरात आपुनच खडा घालायचा. गिऱ्हाईक म्हनलं लंगडतोय, की शाबास म्हनून खडा काढायचा. हिनं लंगडतोय म्हनलं न्हाई, बैल खड्यासकट घरी गेला."

सभेला एका दमात समजलं. मी जे पाच मिनिटं सांगत होतो ते त्यानं एका खड्यात सांगितलं. लोक हसले. मग हसता हसता एक जण थांबला आणि म्हणाला, "मंग दत्तासर, तुमच्या मेव्हण्याच्या येळंला तुमी धरलं हुतं ते?"

सगळ्या माना दत्ताकडे वळल्या, मग माझ्याकडे. एक 'नाही' म्हणालो असतो तर दत्ता वाचला असता. पण खोलीचा निकाल त्यावरच होता, जाणकार कोण आणि बिनकामाची कोण. मी म्हणालो, "ते दत्तासरांसाठीच ठेवलं होतं." दत्तानं हातातल्या कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि तो खाली बसला. त्याच्या गाठीला ती एकच गोष्ट होती आणि ती मी चारचौघांत काढून घेतली. बाईची भरपाई करायला मी त्याच्या खिशात हात घातला असं मला तेव्हाही वाटलं आणि अजून वाटतं. तो आमच्या दुकानात पुन्हा आला नाही.

खोली शोभाताईकडे राहिली. हात वर करायचीसुद्धा गरज पडली नाही.

त्या दिवसापासून आम्ही खोट ठेवायची सोडली. सरळ मशीन, सरळ कागद, नवी डिस्क आधीपासून लावलेली. विक्री पडली. जाणकार यायचे, कागदावर बोट फिरवायचे आणि बोट थांबायला जागाच मिळायची नाही. मग ते म्हणायचे, "इथं काहीतरी गडबड आहे," आणि गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानात घेऊन जायचे. तिथं त्यांना जुनी डिस्क सापडायची. शेठ हसून म्हणायचे, "मुनीर, लोकांना मशीन नको आहे, शाबासकी हवी आहे." दोन वर्षांपूर्वी मी काउंटर सोडला तोवर अर्ध्या दुकानात मोबाईलची कव्हरं लागली होती.

ग्रामसभा सुटल्यावरचं एक सांगायचं राहिलं. शोभाताईनं सुट्टी असूनही खोली उघडली. दहा-बारा माणसं लगेच रांगेला लागली, त्यांत मघाशी हसणारेही होते. तिनं मला खुर्ची दिली, घरून चहा मागवला. तिची बोटं कीबोर्डवर अशी चालत होती की मी पाहत राहिलो. आमच्या दुकानात कुणी एवढं भराभर टाइप करत नव्हतं. मला वाटलं माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी म्हणालो, "चला ताई, झालं ना सगळं नीट?"

तिचे हात थांबले.

"खोली ऱ्हायली, ते नीट झालं," ती म्हणाली. "पन भाई, सासू म्हनली मंद हाय, दीर म्हनलं मंद हाय, मी कधी मनाला लावून घेतलं न्हाई. हे अडीच महिने माझं मीच म्हनत हुते. रोज म्हनत हुते, यष्टीत बसून म्हनत हुते. ते आता माघारी कसं घ्यायचं?"

ती टाकून बोलत नव्हती. खरंच विचारत होती, आणि मला उत्तर ठाऊक असेल असं तिला वाटत होतं, कारण तिच्या लेखी त्यातला जाणकार मी होतो. मी कप उचलून तोंडाला लावला. ती पडद्याकडे वळली आणि रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "या काका, बसा. नाव सांगा, आधारवर हाय तसं."